बाथर्स्टचें एक लहानसें घर

जुनीं घरें राखून ठेवण्याची हौस सर्वच देशांत आहे. परंतु राखलीं जातात तीं बहुधा मोठीं घरें. राजवाडे राहतात, किल्ले राहतात, सरदारांचे चौसोपी वाडे राहतात. ज्या घरांत एखादा कामकरी मनुष्य जन्मभर राहिला, सकाळीं उठून कामावर गेला आणि दिवेलागणीस परत आला, तें घर त्याच्या मागें दुसऱ्याचें होतें. तिसरा तें पाडतो व चवथा त्या जागीं नवी इमारत उठवितो. ह्यांत कोणाचा दोष आहे असें नव्हे. लहान घरांस इतिहास नसतो अशी आपली समजूत असते, एवढेंच. ही समजूत किती अपुरी आहे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ऑस्ट्रेलियांतील बाथर्स्ट नांवाच्या गांवीं, बझ्बी स्ट्रीट ह्या रस्त्यावरील दहा नंबरच्या घरापाशीं क्षणभर थांबावें.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस 'मुद्राराक्षस' नाटकाचा तिसरा अंक आठवत असेल. चंद्रगुप्ताचा कंचुकी चाणक्याच्या घरीं येतो, आणि साऱ्या साम्राज्याचीं सूत्रें ज्याच्या हातीं आहेत त्याचें बिऱ्हाड पाहून थक्क होतो. गोवऱ्या फोडण्याचा दगड, शिष्यांनीं आणलेल्या दर्भांचा ढीग, समिधा वाळत घातल्यामुळें वांकलेलें छप्पर आणि जीर्ण झालेल्या भिंती, एवढेंच काय तें त्या अमात्याचें वैभव! हा भाग शिकवितांना वर्गांतील एखादा चौकस मुलगा हटकून विचारी कीं, "गुरुजी, असें खरोखर कधीं घडत असेल काय?" त्या मुलांपैकीं कोणाच्या दृष्टीस हा लेख पडल्यास त्यास उत्तर मिळेल. बझ्बी स्ट्रीटवरील घर कवीच्या कल्पनेंतलें नाहीं. त्या घराचा यजमान १९४५ ते १९४९ ह्या काळांत ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान होता.

प्रथम गांवाची ओळख करून घेऊं. न्यू साउथ वेल्स प्रांतांतील बाथर्स्ट हें सिडनी शहराच्या पश्चिमेस सुमारें २०० किलोमीटरांवर, ब्लू मौंटन्स ह्या डोंगरांच्या पलीकडे, मॅक्वारी नदीच्या कांठीं वसलेलें आहे. इंग्रजांची वसाहत पहिलीं पंचवीस वर्षें समुद्र आणि डोंगर ह्यांच्या मधल्या पट्टींत अडकून पडली होती. १८१३ सालीं डोंगर ओलांडण्याची वाट त्यांस सांपडली, मागोमाग रस्ता झाला, आणि ७ मे १८१५ रोजीं गव्हर्नर मॅक्वारी ह्यानें ह्या ठिकाणास बाथर्स्ट असें नांव दिलें. त्या खंडाच्या अंतर्भागांत गोऱ्या लोकांनीं वसविलेलें हें पहिलें गांव. परंतु त्याच्या पूर्वीं हजारों वर्षें हा मुलूख विराजुरी लोकांचा होता. त्यांच्या शिकारीच्या जागा आणि पाणवठे मेंढरांच्या कुरणांत गेले तेव्हां त्यांनीं प्रतिकार केला, आणि १८२४ सालीं येथें लष्करी कायदा पुकारण्यांत आला. गांवाच्या इतिहासाचें पहिलेंच पान असें रक्तानें डागळलेलें आहे. तें गाळून पुढचें वाचणें बरें नव्हे.

१८५१ सालीं जवळच ओफीर येथें सोनें सांपडलें आणि देशोदेशींच्या माणसांची तेथें रीघ लागली. १८७६ सालीं आगगाडी आली. सोन्याचा पूर जसा आला तसा ओसरला. आगगाडी मात्र टिकली. इंजिनांची शेड, त्यांतील दुरुस्तीचें काम, रात्रीबेरात्रीं निघणाऱ्या मालगाड्या ह्यांवर गांवांतील पुष्कळ कुटुंबें पोसलीं जाऊं लागलीं. आपल्या घराची गोष्ट ह्या आगगाडीबरोबरच सुरू होते.

घर पाहावयास जाणाऱ्यानें मोठी अपेक्षा ठेवूं नये. एकोणिसाव्या शतकांत साधारण स्थितीच्या लोकांसाठीं जशीं घरें बांधीत त्यांपैकींच तें एक आहे. एकमजली, लहान, आणि शेजारच्या घराशीं मधली भिंत सामाईक असलेलें. बाथर्स्टच्या बाहेर स्ट्यूअर्ट घराण्यानें १८७० च्या दशकांत बांधलेली ॲबरक्रॉम्बी हाउस नांवाची एक भव्य हवेली आहे. स्कॉटलंडांतील सरदारांच्या गढ्यांचा घाट तिला दिलेला आहे. ती पाहतांना प्रवाशांच्या माना वर होतात. बझ्बी स्ट्रीटवर मान वर करून पाहण्याजोगें कांहींच नाहीं. तेथें जें पाहावयाचें तें सारें डोळ्यांच्या पातळीवरचें आहे: बसावयाची जागा, निजावयाची जागा, स्वयंपाकघर, आणि एका नवराबायकोनें वर्षानुवर्षें वापरलेलें सामानसुमान. आपल्यांपैकीं कोणासही वाटावें कीं, असें घर आपण पाहिलेलें आहे.

ह्या घराचे यजमान जोसेफ बेनेडिक्ट चिफ्ली. सारे लोक त्यांस 'बेन' म्हणत. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८५ रोजीं बाथर्स्ट येथेंच झाला. वडील लोहारकाम करीत. वडिलांचा जन्म बाथर्स्टचाच, आई मात्र आयर्लंडांतून आलेली. तीन भावांत हा थोरला. पांच वर्षांचा झाला तेव्हां त्यास गांवाबाहेर लाइमकिल्न्स येथें आजोबांच्या शेतावर ठेवण्यांत आलें. एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या आपल्या मुलांस आजोबांजवळ राहणें म्हणजे लाडाचें राहणें वाटतें. ह्या मुलाच्या वांट्यास तसें आलें नाहीं. कुडाचें चार खोल्यांचें घर, पायाखालीं मातीची जमीन, निजावयास भुशाच्या पोत्यांचें अंथरूण. आईबाप आणि धाकटे भाऊ गांवांत, आणि हा शेतावर. दिवसभर शेताचीं कामें असत, शाळा काय ती मधून मधून. अशीं आठ वर्षें गेलीं.

ह्याच काळांत, १८९३ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियांतील बँकांची मोठी पडझड झाली. एकामागून एक पेढ्यांचीं दारें बंद झालीं. कोणाच्या ठेवी अडकल्या, कोणाच्या बुडाल्या. आजोबांनीं काडी काडी करून जमविलेला पैसाही त्यांत गेला. म्हाताऱ्या माणसाच्या हातून जन्माची पुंजी जातांना जें मूल पाहतें तें हिशेबाचा एक धडा असा शिकतें कीं तो कोणत्याही शाळेंत शिकवीत नाहींत. पुढें अर्ध्या शतकानें तोच मुलगा देशाचा अर्थमंत्री झाला, आणि बँकांचा कारभार सरकारच्या हातीं असावा ह्या मतासाठीं त्यानें आपलें मंत्रिमंडळ पणास लावलें. त्या मताचें बरेंवाईट विद्वानांनीं ठरवावें; त्याचें मूळ कोठें आहे हें मात्र त्या कुडाच्या घरांत गेल्यावांचून कळणार नाहीं.

१८९९ सालीं आजोबा वारले आणि मुलगा गांवीं परत आला. दोन वर्षें त्यास नीट शाळा मिळाली. मग कांहीं किरकोळ नोकऱ्या केल्यावर सप्टेंबर १९०३ मध्यें तो बाथर्स्टच्या इंजिनशेडमध्यें पोऱ्या म्हणून लागला. इंजिनें पुसणें, मग कोळसा घालणें, मग फायरमन, मग ड्रायव्हर, अशा त्या काळच्या पायऱ्या होत्या. एकही पायरी गाळतां येत नसे. दिवसा काजळी आणि रात्रीं पुस्तक असा त्याचा क्रम होता. कामगारांसाठीं चालणाऱ्या रात्रीच्या वर्गांस तो वर्षानुवर्षें जात असे, आणि पुढें आपल्यामागून आलेल्या मुलांस इंजिनाचें शास्त्र स्वतः शिकवीतही असे. १९१४ सालीं तो पहिल्या वर्गाचा ड्रायव्हर झाला, आणि त्याच सालीं त्याचें लग्न झालें.

लग्नाची हकीकत आपल्या वाचकांस विशेष विचार करावयास लावील अशी आहे. वधू एलिझाबेथ मॅकेन्झी ही रेल्वेंतच नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाची मुलगी. परंतु ती प्रेस्बिटेरियन पंथाची, आणि चिफ्लींचें घराणें रोमन कॅथलिक. एकाच ख्रिस्ती धर्माच्या ह्या दोन शाखा असल्या तरी त्या काळीं त्यांच्यांत बेटीव्यवहार सुखासुखीं होत नसे. कोणी तरी एकानें आपल्या मंडळींचा रोष पत्करावयाचा होता. तो चिफ्लींनीं पत्करला. ६ जून १९१४ रोजीं सिडनी येथील ग्लीब भागांतल्या प्रेस्बिटेरियन देवळांत लग्न लागलें. त्यांच्या स्वतःच्या धर्मपीठाच्या दृष्टीनें तें लग्न नियमाबाहेरचें होतें. तरी त्यांनीं आपला पंथ सोडला नाहीं, बायकोस तिचा सोडावयास सांगितलें नाहीं, आणि आपल्या देवळांत जाण्याचा नेमही मोडला नाहीं. एका छपराखालीं दोन वाटांनीं देवास भजणारीं दोन माणसें सदतीस वर्षें नांदलीं. तें छप्पर बझ्बी स्ट्रीटवरील ह्या घराचें होय. घर त्यांस सासुरवाडीकडून मिळालें होतें.

संसारास तीन वर्षें झालीं नाहींत तोंच पहिला तडाखा बसला. १९१७ च्या ऑगस्ट महिन्यांत न्यू साउथ वेल्सच्या रेल्वेंत मोठा संप झाला. प्रत्येक कामास किती वेळ लागला ह्याची नोंद निराळ्या कार्डावर ठेवण्याची नवी पद्धत अधिकाऱ्यांनीं सुरू केली होती. माणसास यंत्राच्या मापानें मोजण्याचा हा प्रकार आहे असें कामगारांस वाटलें. संप फसला. चिफ्लींस कामावरून काढण्यांत आलें, आणि पुन्हा घेतलें तें खालच्या जागेवर, इतक्या वर्षांची ज्येष्ठता काढून घेऊन. कालपर्यंत जो हाताखालीं होता तो आज वर बसला. हा अपमान त्यांच्या मनांत जन्मभर राहिला; पण त्याचा त्यांनीं कडूपणा केला नाहीं, शिस्त केली. इंजिनवाल्यांची देशभर एक संघटना उभारण्याच्या कामास ते लागले, आणि त्याच वाटेनें राजकारणांत शिरले.

१९२८ सालीं मजूर पक्षातर्फे ते मॅक्वारी मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले, आणि १९३१ मध्यें संरक्षणमंत्री झाले. पण तेव्हां जगभर मंदीचा वणवा पेटला होता. सरकारनें पगार व पेन्शनें कमी करण्याची योजना केली. ती टाळतां येत नाहीं असें ठरवून चिफ्लींनीं तिला पाठिंबा दिला. ज्या संघटनेस त्यांनीं जन्म दिला तिनेंच त्यांस बाहेर काढलें, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत मतदारांनींही घरीं बसविलें. पुढचीं नऊ वर्षें त्यांस लोकसभेचें दार उघडलें नाहीं.

घरीं बसविलें, असें आपण पडलेल्या पुढाऱ्यास उद्देशून म्हणतों. पण कोणत्या घरीं, हाही प्रश्न असतो. ज्यानें मंत्रिपदाच्या भरांत मोठा वाडा बांधलेला असतो त्यास पद गेल्यावर वाडा खावयास उठतो. त्याचा खर्च चालविण्यासाठीं नको तीं कामें करावीं लागतात. चिफ्ली ज्या घरांतून उठून मंत्री व्हावयास गेले होते त्याच घरीं परत आले. तेथें त्यांचें कांहींच कमी झालेलें नव्हतें. १९३३ पासून ते ॲबरक्रॉम्बी शायर ह्या आसपासच्या खेड्यांच्या लोकलबोर्डाचे सभासद झाले. रस्ते, पूल आणि कर ह्यांच्या चर्चेंत त्यांनीं मन घातलें. १९३५ सालीं सरकारनें बँकांच्या चौकशीसाठीं शाही आयोग नेमला त्यांत त्यांस घेतलें. १९३७ च्या अहवालांत त्यांनीं आपलें निराळें मत नमूद केलें, तें बँका राष्ट्राच्या मालकीच्या असाव्या हें. लोकलबोर्डाची खुर्ची त्यांनीं पुढें पंतप्रधान झाल्यावरही दोन वर्षें, म्हणजे १९४७ पर्यंत, सोडली नाहीं. ज्यास देशाचा कारभार हांकावयाचा त्यास गांवच्या पुलाची माहिती असणें हें त्यांस कमीपणाचें वाटलें नाहीं.

१९४० सालीं ते पुन्हा निवडून आले. १९४१ मध्यें जॉन कर्टिन ह्यांच्या मंत्रिमंडळांत अर्थमंत्री झाले, आणि युद्धाचा सारा खर्च त्यांच्या हातून झाला. विधवांस वेतन, बेकारांस व आजाऱ्यांस साहाय्य ह्या योजना युद्ध चालू असतांनाच त्या सरकारनें आणिल्या. जुलै १९४५ मध्यें कर्टिन वारले आणि १३ जुलै रोजीं चिफ्ली पंतप्रधान झाले. कॅनबेरा येथें पंतप्रधानांसाठीं 'द लॉज' नांवाचा बंगला १९२७ पासून सज्ज आहे. चिफ्ली तेथें राहावयास गेले नाहींत. लोकसभेपासून पायीं जातां येईल अशा अंतरावर कुराजाँग नांवाचें साधें हॉटेल होतें; तेथें २०५ क्रमांकाच्या खोलींत ते पूर्वींपासून उतरत असत, तेथेंच राहिले. सकाळीं तोंडांत पाइप धरून पंतप्रधान कचेरीकडे चालत जात आहेत हें दृश्य कॅनबेराच्या लोकांच्या अंगवळणीं पडलें.

आणि घर? घर बाथर्स्टलाच राहिलें. एलिझाबेथबाईंची प्रकृति नाजूक होती, आणि त्यांच्या वृद्ध आईची सेवा त्यांच्याकडे होती. राजधानींतल्या मेजवान्यांत त्या क्वचितच दिसत. कॅनबेरा ते बाथर्स्ट हें अंतर अडीचशें किलोमीटरांहून अधिक आहे. सवड मिळेल तेव्हां चिफ्ली तें तोडून घरीं येत. ह्या जोडप्यास मूलबाळ नव्हतें. तेव्हां आठवड्यांतले कित्येक दिवस बझ्बी स्ट्रीटवर एक बाई, तिची म्हातारी आई आणि शेजारीपाजारी, एवढाच संसार असे.

येथें थोडें थांबून विचार करणें अवश्य आहे. पुरुषाच्या साधेपणाचीं स्तोत्रें गावयास आपण नेहमीं तयार असतों. रामशास्त्री प्रभुण्यांच्या घरीं एका दिवसापुरतेंच धान्य असे ही आख्यायिका आपण मुलांस मोठ्या अभिमानानें सांगतों. पण दुसऱ्या दिवशींचें धान्य वेळेवर मागवून, तें निवडून, दळून, पानांत वाढण्याची चिंता कोणाची होती, हें सांगावयाचें राहून जातें. चिफ्ली हॉटेलच्या खोलींत दोन पोषाखांवर राहूं शकले, कारण त्यांच्यामागें एक घर कोणी तरी उभें धरलें होतें. पंतप्रधानाच्या बायकोस मोठ्या बंगल्यांत राहण्याचा अधिकार होता. तो न गाजवितां आईच्या उशाशीं बसणें ह्याला कांहीं कमी मनोबल लागत नाहीं. कामाच्या दृष्टीनें तें घर तिचेंच होतें. तो तेथें थकून येणारा पाहुणा होता. आज जें घर पंतप्रधानांचें म्हणून दाखवितात त्याच्या दारावर खरें पाहतां दोघांचीं नांवें हवींत, आणि तीं लिहितांना तिचें आधीं लिहावें.

ह्या घराशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. चिफ्ली कॅनबेरांत अर्थमंत्री व मग पंतप्रधान असतांना, १९४४ ते १९४७ पर्यंत, हिंदुस्थानचे पहिले हायकमिशनर म्हणून तेथें जे गृहस्थ होते ते म्हणजे आपले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. कोंकणांतील मुरडीचा मुलगा, केंब्रिजचा सीनियर रँग्लर, फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य. आणि तिकडे इंजिनशेडमधून वर आलेला पंतप्रधान! रँग्लरांची नात सई परांजपे ह्यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षेंही त्याच गांवीं गेलीं. ३० जुलै १९४७ रोजीं इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें मांडण्यांत आला, तो हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया ह्या दोन देशांनीं. एप्रिल १९४९ मध्यें लंडन येथें राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली. आपला देश प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलांत राहूं शकेल काय, हा तींतला मुख्य प्रश्न होता. राहूं शकेल, असा निर्णय सर्वसंमतीनें झाला. त्या टेबलाभोंवतीं पंडित नेहरू होते, आणि बझ्बी स्ट्रीटवरचा इंजिनड्रायव्हरही होता.

परंतु एक गोष्ट झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या सरकारनें परिषदेंत आशियाच्या लोकांस बरोबरीचें आसन दिलें, त्याच सरकारनें आपल्या देशाचें दार त्यांच्यासाठीं बंद ठेविलें होतें. १९०१ च्या कायद्यापासून गोऱ्या लोकांखेरीज इतरांस ऑस्ट्रेलियांत वस्तीस येऊं न देण्याचें धोरण चालत आलें होतें, आणि चिफ्लींच्या कारकीर्दींतही तें कडकपणें पाळलें गेलें. युद्धानंतर यूरोपांतील निराश्रितांस त्यांनीं हजारोंनीं बोलाविलें. बाथर्स्टजवळच त्यांची मोठी छावणी होती. आशियांतील मनुष्यास मात्र तेथें जागा नव्हती. साधें घर असलें म्हणजे दार सर्वांस उघडें असतेंच असें नाहीं.

त्यांच्या कारकीर्दीचा बाकीचा हिशेबही असाच दोन बाजूंचा आहे. कॅनबेराचें राष्ट्रीय विद्यापीठ १९४६ चें. स्नोई पर्वतांतील नद्या वळवून वीज व पाटबंधारे करण्याची प्रचंड योजना १९४९ मध्यें सुरू झाली. त्या देशांत तयार होणारी पहिली होल्डन मोटार २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं त्यांच्याच उपस्थितींत बाहेर पडली. १२ जून १९४९ रोजीं पक्षाच्या परिषदेंत त्यांनीं जें भाषण केलें तें 'टेकडीवरचा दिवा' ह्या नांवानें तिकडे प्रसिद्ध आहे. कोणाच्या खिशांत चार पैसे जास्त पडावे किंवा कोणी पंतप्रधान व्हावें एवढ्यासाठीं चळवळ नसते, लोकांचें जिणें सुधारावें ह्यासाठीं असते, असा त्याचा आशय. पण ह्यानंतर दोन महिन्यांच्या आंतच, कोळशाच्या खाणींतील संप मोडण्यासाठीं त्यांनीं खाणींवर सैन्य पाठविलें. १९१७ च्या संपांत ज्यानें स्वतः भाकरी गमावली त्यानें १९४९ च्या संपांत शिपाई धाडावे, ह्यापरतें दैवाचें कठोर नाटक दुसरें कोणतें? बँका ताब्यांत घेण्याचा त्यांचा १९४७ चा कायदा न्यायालयानें १९४८ मध्यें रद्द ठरविला, आणि पुढच्या सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेंही तोच निवाडा उचलून धरला. १० डिसेंबर १९४९ च्या निवडणुकींत पक्ष हरला.

पद गेलें, खोली तीच, घर तेंच. विरोधी पक्षाचे नेते म्हणून चिफ्ली काम करीत राहिले. १३ जून १९५१ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यास पन्नास वर्षें झाल्याचा उत्सव होता आणि लोकसभेच्या इमारतींत मोठा नृत्यसमारंभ चालला होता. चिफ्ली त्यास गेले नव्हते. कुराजाँगच्या त्याच खोलींत त्यांस हृदयविकाराचा झटका आला आणि त्या रात्रींच त्यांचा अंत झाला. त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी, पंतप्रधान मेन्झीस, ह्यांनीं समारंभांत ही वार्ता सांगून वाद्यें थांबविलीं. चिफ्लींस बाथर्स्टला आणून तेथील दफनभूमींत ठेवण्यांत आलें.

एलिझाबेथबाई त्यानंतर अकरा वर्षें जगल्या. १९६२ सालीं त्या वारल्या. पुढें गांवच्या नगरपालिकेनें घर ताब्यांत घेतलें, आणि १९७३ मध्यें पंतप्रधान गॉफ व्हिटलम ह्यांच्या हस्तें तें लोकांसाठीं खुलें झालें. इतिहासाची जोडणी कधीं कधीं मनुष्याच्या हातून न होतां आपोआप होते. त्याच १९७३ सालीं व्हिटलम ह्यांच्या सरकारनें वस्तीस येणाऱ्यांचा वर्ण पाहण्याची जुनी रीत कायमची मोडून टाकिली. आज सिडनी व मेलबर्न येथें मराठी कुटुंबें नांदत आहेत, त्यांचे गणेशोत्सव होतात. त्यांतील एखादें कुटुंब सुटीच्या दिवशीं डोंगर ओलांडून बाथर्स्टला गेलें, तर पूर्वीं जें दार त्याच्या आजोबांस बंद होतें त्या दारानें तें सहज आंत जाऊं शकेल.

आंत गेल्यावर मुलांनीं विचारावें, "एवढेंच?" आणि वडील मंडळींनीं न संकोचतां सांगावें, "होय, एवढेंच." कारण तें 'एवढेंच' हाच त्या घराचा इतिहास आहे. नोकरी लागली, गेली, पुन्हा मिळाली. मंत्रिपद आलें, गेलें. देशाचा कारभार हातीं आला आणि सुटला. पण घराची एक खोली वाढली नाहीं कीं कमी झाली नाहीं. आपण घर बांधतों तें बहुधा आपल्या पदास शोभावें म्हणून, आणि मग तें घर शोभविण्यासाठीं जन्मभर पदास चिकटून बसतों. चिफ्लींच्या चुका होत्या, आणि त्या मोठ्या होत्या. तरी त्यांनीं केलेली एकही चूक घर वांचविण्यासाठीं केलेली नव्हती. आपल्या घरांतील कर्त्या माणसांविषयीं एवढें म्हणतां यावें, अशी इच्छा धरण्यास वाडा लागत नाहीं, गांव लागत नाहीं. घरांतील दोन माणसांचें एकमत लागतें.